कम्युनिकेटर बंद पडलाय, फुकट सॉफ्टवेअरवर हार्ट आणि मॉडबसचं काम भागेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साखर कारखाना, जोडीला को-जन (वीजनिर्मिती) आणि डिस्टिलरी, सगळे मिळून साठेक हार्ट ट्रान्समीटर (दाब, लेव्हल वगैरे मोजून सिग्नल पाठवणारी उपकरणं), एमसीसी रूममध्ये, म्हणजे मोटरच्या पॅनेलच्या खोलीत, मॉडबसवर १४ एनर्जी मीटर, तीन-चार ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी) प्रोफिबसवर. हार्ट, मॉडबस, प्रोफिबस या उपकरणांच्या बोलण्याच्या तीन वेगळ्या पद्धती, म्हणजे प्रोटोकॉल. हँडहेल्ड कम्युनिकेटर, म्हणजे हार्ट उपकरणांची सेटिंग वाचायचं-बदलायचं हातातलं यंत्र, हंगाम संपता संपता बंद पडला, नव्याचं कोटेशन लाखांत आलं म्हणून वरून सही झाली नाही, आता ओव्हरहॉलिंग चालू आहे, हातात लॅपटॉप आहे आणि तुम्ही विचारताय की सगळ्या प्रोटोकॉलला चालेल असं एखादं फुकट सॉफ्टवेअर सांगा.

असं एकच सॉफ्टवेअर नाही. पण तुमचं बहुतेक काम फुकट साधनांवर होईल, हे मी २२ वर्षं हेच काम करत आलोय त्या भरवशावर सांगतो. फक्त सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न जरा मागे ठेवा आणि आधी हे बघा की त्या उपकरणाशी तुम्हाला नक्की काय बोलायचंय, नुसतं वाचायचंय, रेंज बदलायचीय, की आतलं खोल कॉन्फिगरेशन उघडायचंय. कारण कुठल्याही फील्ड उपकरणाशी बोलताना तीन गोष्टी लागतात. एक म्हणजे तारेवरचा सिग्नल, त्यासाठी कन्व्हर्टर किंवा मोडेम लागतो, तो कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही. दुसरं म्हणजे बाइट कुठल्या क्रमाने जातात-येतात ते, म्हणजे खरा प्रोटोकॉल. आणि तिसरं, आलेल्या बाइटचा अर्थ काय, हा आकडा दाब आहे की तापमान, युनिट कुठलं, कुठल्या जागी लिहिलं तर डॅम्पिंग (आकड्याची थरथर कमी करणारी सेटिंग) बदलतं. यातलं तिसरं कोणाच्या ताब्यात आहे त्यावर फुकट साधन चालणार की अडणार ते ठरतं. मॉडबसमध्ये तो अर्थ मीटरच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, हार्टमध्ये अर्धा सगळ्यांना सारखा आणि अर्धा कंपनीच्या फाइलमध्ये असतो.

अजून एक, फुकट आणि मुक्त यात गल्लत करू नका. वायरशार्क (नेटवर्कवरचं बोलणं बघायचं साधन), लिबमॉडबस, पायमॉडबस (मॉडबसच्या प्रोग्रामिंग लायब्ररी) ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, म्हणजे सोर्स कोड उघडा आहे, उद्या बनवणारा थांबला तरी तुमच्याकडचं चालत राहतं, हवं तर बदलता येतं. पॅक्टवेअर, म्हणजे हार्टसारख्या उपकरणांची सेटिंग करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे पण मुक्त नाही, डाउनलोड करा आणि वापरा एवढंच. मी दोन्ही वापरतो, पण पुढच्या दहा वर्षांसाठी कारखान्यात काही बसवायचं असेल, उदाहरणार्थ मीटरचं लॉगिंग, तर मी मुक्तच घेतो, आणि एका दिवसाच्या कामाला फुकट असलं तरी चालतं.

आधी मॉडबस घेऊ, कारण तिथे सॉफ्टवेअरचे पैसे शंभर टक्के वाचतात. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने काढला आणि आज त्याचं स्पेसिफिकेशन कोणीही फुकट उतरवून वाचू शकतं, म्हणून त्याची साधनं ढिगाने आहेत. विंडोजवर माऊसने काम करायचं असेल तर क्यूमॉडमास्टर घ्या, लिनक्सवर किंवा कमांड लाइनची सवय असेल तर एमबीपोल, आणि स्वतः छोटा प्रोग्राम लिहायचा असेल तर पायथॉनमध्ये पायमॉडबस किंवा मिनिमलमॉडबस. हार्डवेअर म्हणून एक यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर, जमलं तर आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) घ्या, एमसीसी रूममध्ये ड्राइव्हच्या शेजारी बिगर-आयसोलेटेड कन्व्हर्टर लावून लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट गेलेला मी पाहिलाय.

आता मीटर उत्तर देत नाही म्हटलं की सगळे आधी सॉफ्टवेअर बदलून बघतात. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा तारेत नाहीतर सेटिंगमध्येच सापडतो. ए आणि बी टर्मिनलची नावं सगळ्या कंपन्या सारखी देत नाहीत, एकाचा ए तो दुसऱ्याचा बी असतो, म्हणून उत्तर आलं नाही तर दोन तारा उलट करून बघा, त्याने काही जळत नाही. मग बॉड रेट, पॅरिटी, स्लेव्ह अॅड्रेस, दोन मीटरना चुकून एकच अॅड्रेस दिलाय का ते बघा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर हवेत, फक्त टोकांना, मधल्या प्रत्येक मीटरला नाही. सगळं बंद करून दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसायला पाहिजे, त्यापेक्षा बरंच कमी दिसलं तर कोणीतरी जास्तीचे टर्मिनेशन लावून ठेवलेत. आणि केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी जायला हवी, एका डब्यातून चांदणीसारखे फाटे काढले असतील तर कमी बॉड रेटला चालेल आणि वाढवला की त्रास देईल.

उत्तर आलं पण आकडा चुकीचा असेल तर दोन ठिकाणी बघा. पहिलं रजिस्टर नंबर, रजिस्टर म्हणजे मीटरमधला आकडा ठेवायचा १६ बिटचा कप्पा. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं आणि तारेवर जाताना तेच शून्य म्हणून जातं, काही सॉफ्टवेअर १ पासून मोजतात काही ० पासून, त्यामुळे एकाने सरकलेला आकडा हा रोजचाच प्रकार आहे. एमबीपोल आपणहून १ पासून मोजतो, शून्यापासून हवं असेल तर तसा वेगळा पर्याय द्यावा लागतो. दुसरं, ३२ बिटचा फ्लोट, म्हणजे दशांशाचा, आकडा दोन रजिस्टरमध्ये विभागून येतो आणि आधी कुठला अर्धा पाठवायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. समजा व्होल्टेज २३०.५ आहे, तर ते दोन रजिस्टरमध्ये १७२५४ आणि ३२७६८ असं दिसतं. हेच उलट क्रमाने जोडलं तर शून्याला चिकटलेला एक उणे आकडा मिळतो आणि माणूस म्हणतो मीटर खराब आहे. मीटर ठीक असतो. म्हणून मी नेहमी मीटरच्या डिस्प्लेवर दिसणारी एखादी राशी, शक्यतो व्होल्टेज किंवा फ्रिक्वेन्सी, आधी वाचून जुळवतो, ती जुळली की बाकी सगळं त्याच क्रमाने येतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. आरएस-४८५ वरच्या मॉडबसमध्ये मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा, एकच असतो, बाकीचे स्लेव्ह फक्त उत्तर देतात. पीएलसी (प्लांट चालवणारा कंट्रोलर) किंवा स्काडा (देखरेखीचं सॉफ्टवेअर) आधीच त्या लाइनवर मीटर वाचत असेल आणि तुम्ही लॅपटॉप लावून दुसरा मास्टर सुरू केलात तर दोघांचे मेसेज एकमेकांवर आदळतात. आधी पीएलसीची केबल काढा, किंवा लॅपटॉप फक्त ऐकायला लावा. मॉडबस टीसीपी, म्हणजे इथरनेट नेटवर्कवरचा मॉडबस, असेल तर तसं नाही, तिथे पोर्ट ५०२ वर बरीच उपकरणं एकाहून जास्त कनेक्शन घेतात, आणि काय बोलणं चाललंय ते वायरशार्कमध्ये वाचता येतं, फंक्शन कोड, रजिस्टर, एरर सगळं उलगडून. फक्त नेटवर्क स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या बोलण्याची नक्कल दुसऱ्यावर) करावं लागतं, नाहीतर दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या पोर्टवर येणारच नाही.

१४ मीटरचं लॉगिंग हवंय असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याला नोड-रेड बघा, ठोकळे जोडून डेटा गोळा करायचं साधन, २०१३ मध्ये आयबीएममध्ये सुरू झालेलं आणि आता मुक्त आहे, एखाद्या जुन्या पीसीवर सुद्धा चालतं. फक्त एकेक रजिस्टर सुटं वाचू नका, सलग असलेले एका विनंतीत घ्या, १२५ पर्यंत घेता येतात. ९६०० बॉडला २० रजिस्टर वाचायला तारेवर साधारण ६० मिलिसेकंद जातात, त्यात मीटरचा विचार करायचा वेळ धरला तरी चौदाही मीटर दोन-तीन सेकंदात वाचून होतात. मिनिटाला एक नोंद हवी असेल तर हे पुरून उरतं.

आता हार्ट, तुमचं खरं दुखणं. रोझमाउंटने १९८० च्या दशकात काढला, नंतर सगळ्यांसाठी खुला केला, पण स्पेसिफिकेशन मॉडबससारखं मोकळं पडलेलं नाही. तेच ४-२० मिलिअँपचं लूप, त्याच्यावर अर्धा मिलिअँप वर-खाली असा सूर चढवलेला असतो, १२०० हर्ट्झ म्हणजे एक आणि २२०० हर्ट्झ म्हणजे शून्य, वेग १२०० बिट प्रति सेकंद. सरासरी शून्य असल्यामुळे मूळ करंटला धक्का लागत नाही. हा सूर लॅपटॉपला कळायला हार्ट मोडेम लागतो, यूएसबीचा मिळतो आणि कम्युनिकेटरच्या किमतीच्या मानाने फार कमी पैशात येतो. साहेबांकडे सही मागायचीच असेल तर याची मागा.

मोडेम लावला आणि काहीच सापडत नाही, ही तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा येते. बहुतेकदा लूपमध्ये रेझिस्टन्स नसतो. पॉवर सप्लाय हा एसी सिग्नलला जवळजवळ शॉर्टच असतो, म्हणून लूपमध्ये किमान २३० ओहम हवेत, आपण २५० चा लावतो. टेबलावर २४ व्होल्टचा सप्लाय आणि ट्रान्समीटर थेट जोडून बसलात तर करंट व्यवस्थित दिसेल आणि हार्ट मुकं राहील. प्लांटमध्ये बऱ्याच अॅनालॉग इनपुट कार्डच्या आतच २५० ओहम असतात, तिथे वेगळा लावायची गरज नाही, पण गृहीत धरू नका, कार्डाचं मॅन्युअल बघा. हेही लक्षात ठेवा की २५० ओहमवर २० मिलिअँपला ५ व्होल्ट पडतात, तेव्हा लांब केबल आणि बॅरियर (धोकादायक जागेत जाणारी ऊर्जा मर्यादित ठेवणारं उपकरण) असेल तर ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर त्याला लागणारं किमान व्होल्टेज उरतंय का ते मोजून घ्या.

आता सॉफ्टवेअर. हार्टमध्ये कमांडचे तीन थर आहेत. युनिव्हर्सल कमांड प्रत्येक हार्ट उपकरणाला पाळाव्याच लागतात, कमांड ० म्हणजे तू कोण, कमांड १ म्हणजे मुख्य मोजमाप, २ म्हणजे करंट आणि टक्के, ३ म्हणजे करंट आणि चारही व्हेरिएबल, १३ म्हणजे टॅग, डिस्क्रिप्टर, तारीख. पुढचा थर कॉमन प्रॅक्टिस, बरीच उपकरणं पाळतात पण सगळी नाही, ३५ ने रेंज लिहिता येते, ४० ने करंट एका जागी धरून लूप टेस्ट, ४३ ने झिरो ट्रिम. आणि तिसरा थर प्रत्येक कंपनीचा स्वतःचा. पहिले दोन थर मुक्त साधनांनी होतात, पायथॉनमध्ये हार्टची लायब्ररी आहे, आणि एकदा फ्रेम समजली की स्वतःही लिहिता येतं. सीरियल पोर्ट १२०० बॉड, ८ बिट, ऑड पॅरिटी, १ स्टॉप बिट ठेवा आणि पाच वेळा एफएफ पाठवून पुढे ०२ ८० ०० ०० ८२ पाठवा (हे सगळे हेक्स बाइट आहेत), अॅड्रेस ० वरचा ट्रान्समीटर आपली ओळख पाठवतो. शेवटचा ८२ हा ०२ पासूनच्या आधीच्या चार बाइटचा एक्स-ऑर, म्हणजे चूक पकडायची बिटांची बेरीज, आहे, बाकी काही जादू नाही. यातला ८० म्हणजे मी प्रायमरी मास्टर. तुमची डीसीएस (प्लांटची मुख्य कंट्रोल सिस्टिम) किंवा मल्टिप्लेक्सर (अनेक हार्ट लूप एका जागी वाचणारा) आधीच हार्ट बोलत असेल तर ती प्रायमरी असते, मग तुम्ही सेकंडरी व्हा, ८० च्या जागी ०० आणि शेवटी ०२. हार्टमध्ये असे दोन मास्टर एकत्र चालतात, मॉडबससारखी अडचण नाही.

पण तुमच्या साठ ट्रान्समीटरसाठी मी हाताने फ्रेम लिहीत बसायला सांगणार नाही. तिथे पॅक्टवेअर घ्या. ते एक रिकामं घर आहे असं समजा, आत प्रत्येक उपकरणाचा डीटीएम बसवायचा, म्हणजे त्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर, ज्यात तो तिसरा अर्थाचा थर असतो. मोडेमसाठी एक कम्युनिकेशन डीटीएम आणि प्रत्येक मॉडेलसाठी एक डिव्हाइस डीटीएम. बऱ्याच कंपन्या डीटीएम फुकट देतात, सगळ्या नाहीत, आणि काहींच्या फुकट आवृत्तीत थोड्याच गोष्टी उघडतात. म्हणून तुमचं उत्तर तुमच्या नेमप्लेटवर अवलंबून आहे. रडार लेव्हल ट्रान्समीटर असेल तर एको कर्व्ह (परत आलेल्या सिग्नलचा आलेख) बघायला डीटीएमशिवाय पर्याय नाही, साध्या प्रेशर ट्रान्समीटरला युनिव्हर्सल आणि कॉमन प्रॅक्टिस कमांडवर सुद्धा भागतं. आणि नुसती रेंज किंवा झिरो करायचं असेल तर कित्येक ट्रान्समीटरवर झाकणाखाली बटणं असतात, तिथे लॅपटॉप उघडायचीसुद्धा गरज नाही. डीटीएमने पूर्ण अपलोड घ्यायला काही मिनिटं लागतात, १२०० च्या वेगाला सेकंदाला दोन-तीनच प्रश्नोत्तरं होतात, तेव्हा हँग झालं समजून मध्येच केबल ओढू नका.

एक गैरसमज मोडून काढतो, कारण दरवर्षी ओव्हरहॉलिंगमध्ये तो भेटतो. रेंज बदलणं म्हणजे कॅलिब्रेशन नाही. ड्रम लेव्हलच्या ट्रान्समीटरला कमांड देऊन ४ मिलिअँपची जागा सरकवली तर तुम्ही फक्त कुठल्या आकड्याला किती करंट ते बदललंत, सेन्सर खरं मोजतोय की नाही याचा काहीच पत्ता लागला नाही. त्याला बाहेरून माहीत असलेला दाब द्यावा लागतो, डेड वेट टेस्टरने किंवा प्रेशर कॅलिब्रेटरने, आणि तो खर्च कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही. कोणी लॅपटॉपवर साठ ट्रान्समीटर एका दिवसात कॅलिब्रेट केले म्हणत असेल तर त्यावर सही करू नका.

आता धोक्याचं. मी नवीन असताना एका केमिकल प्लांटमध्ये टाकीच्या लेव्हल ट्रान्समीटरवर लूप टेस्ट लावली, ४ मिलिअँप पाठवले, आणि त्या लेव्हलवर पंपाचा लो-लो इंटरलॉक, म्हणजे लेव्हल फार खाली गेली की पंप आपोआप बंद करणारी व्यवस्था, होता हे मी विचारलंच नव्हतं. पंप ट्रिप झाला, मागची रिअॅक्शन थांबवावी लागली. कोणाला लागलं नाही, पण कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरचा तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून कुठल्याही ट्रान्समीटरला लिहिण्याआधी मी तीन गोष्टी करतो, लूप ऑटोवरून काढून मॅन्युअलला (हाताने चालवायला) टाकून घेतो, इंटरलॉक बायपासची लेखी परवानगी घेतो आणि ऑपरेटरला फोनवर धरून ठेवतो. तुमच्याकडे हंगाम चालू असताना बॉयलर ड्रम लेव्हलला हे न करता हात लावला तर फीड वॉटर व्हॉल्व्ह लगेच हलेल. लूप टेस्ट संपवताना फिक्स्ड करंटमधून बाहेर पडलाय याची मीटरवर खात्री करा, बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये मधेच केबल निघाली तर करंट आहे तिथेच अडकून राहतो आणि समोर स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसतं.

आणि डिस्टिलरी. तिथे अल्कोहोलची वाफ असते, धोकादायक क्षेत्र आहे. तुमचा बंद पडलेला कम्युनिकेटर बहुधा अशा जागेसाठी प्रमाणित होता, साधा लॅपटॉप आणि यूएसबी मोडेम नाही. ते घेऊन फील्डमध्ये जायचंच नाही. कंट्रोल रूममधल्या मार्शलिंग पॅनेलमध्ये (फील्डच्या तारा जिथे एकत्र येतात तिथे), बॅरियरच्या सुरक्षित बाजूला जोडा. बॅरियर झीनर असेल तर हार्ट सहसा आरपार जातं, आयसोलेटर असेल तर त्याच्यावर हार्टला परवानगी आहे असं लिहिलेलं असायला हवं, काही जुने आयसोलेटर फक्त करंट पुढे देतात आणि हार्ट तिथेच मरतं.

प्रोफिबसबद्दल थोडक्यात, कारण तिथे देण्यासारखं कमी आहे. पायप्रोफिबस नावाचा मुक्त मास्टर आहे, पायथॉनमध्ये, शिकायला फार छान, टेबलावर एक स्लेव्ह आणि कमी वेग ठेवून मी त्यावर पोरांना टेलिग्राम, म्हणजे प्रोफिबसचे मेसेज, समजावतो. पण तुमचं चालू नेटवर्क १.५ एमबीपीएसवर असेल तर तिथलं टायमिंग साध्या यूएसबी कन्व्हर्टरला झेपत नाही, त्याला खास हार्डवेअर लागतं. ड्राइव्हचे पॅरामीटर बघायचे असतील तर प्रोफिबसमधून जाऊच नका, ड्राइव्हला स्वतःचा सर्व्हिस पोर्ट असतो आणि बऱ्याच कंपन्यांचं बेसिक सॉफ्टवेअर फुकट असतं. नेटवर्कचा दोष शोधायचा असेल तर आधी कनेक्टरवरचे टर्मिनेशनचे स्विच बघा, पहिला आणि शेवटचा ऑन, मधले ऑफ.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात एक शीट काढली असती, प्रत्येक ट्रान्समीटरचा टॅग, मेक, मॉडेल, हार्ट रिव्हिजन, रेंज, युनिट, डॅम्पिंग, आणि लूपमध्ये बॅरियर आहे की नाही. हार्ट रिव्हिजन कमांड ० च्या उत्तरातच येतं. ती शीट झाली की कुठल्या मॉडेलचा डीटीएम फुकट मिळतो ते एकेक करून शोधता येईल, आणि माझा अंदाज आहे की साठातले पाच-सातच अडतील. त्यासाठी हंगामाआधी दोन दिवस भाड्याने कम्युनिकेटर आणा, सर्व्हिस देणाऱ्यांकडे मिळतो. प्रत्येक डीटीएमचं अपलोड सेव्ह करून त्याची प्रिंट फाइलला लावा, ट्रान्समीटर जळाला तर त्याच प्रिंटवरून रात्री दोन वाजता नवा भरता येतो.

शीट तयार झाली की मॉडेलची यादी इथेच टाका, ज्यांचे डीटीएम मी वापरलेत ते सांगतो. आणि मीटरचं मॅन्युअल असेल तर रजिस्टरच्या पानाचा फोटोही टाका, फ्लोटचा क्रम तिथेच कुठेतरी बारीक अक्षरात दिलेला असतो.